बोटात अडकलेला नट

पुण्याहून जबलपूरला कायमची परत आले, तेव्हा माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेवर एक फिकट पट्टा होता. साखरपुड्याची अंगठी इतकी वर्षं तिथं बसली होती की तिच्याखालची कातडी उन्हाला ठाऊकच नव्हती. घटस्फोटाच्या वेळी दागिन्यांची देवाणघेवाण वकिलाच्या टेबलावर झाली आणि त्यात ती अंगठी गेली. तिचं मला काही वाटलं नाही. पट्ट्याचं मात्र फार वाटायचं. मंगळसूत्र नसलं तरी आजकाल कुणी फार बघत नाही. पण दुकानात सामान घेताना, ऑटोचा दांडा धरताना, आईसोबत मेथी निवडताना मला माझंच बोट दिसायचं आणि समोरच्यालाही तेच दिसत असणार असं वाटायचं. काही महिन्यांत तो पट्टा उन्हानं भरूनही आला असेल. मला तो दिसतच राहिला.

माझी पहिली अंगठी त्या पट्ट्यासाठी होती, आणि ती टूथब्रशची होती.

आमच्याकडे जुने ब्रश टाकत नाहीत, कंगवे आणि नळाच्या तोट्या घासायला ठेवतात. त्यातला एक पारदर्शक निळा होता. असल्या दांड्यांच्या अंगठ्या करतात हे मी फोनवर कुठंतरी पाहिलं होतं. आई दुपारची झोपली होती. मी पकडीनं ब्रशचे केस उपटले, पातेल्यात पाणी उकळलं आणि दांडी त्यात सोडली. जरा वेळानं ती लवायला लागली. फडक्यात धरून जाड मार्करभोवती वळवली आणि गार पाण्यात बुडवली. थोडी वाकडी झाली, पण झाली. बोटात घातली तर खिडकीतल्या उजेडात आतून निळी चमकली. त्या दिवशी संध्याकाळी मी बऱ्याच दिवसांनी स्वतःहून दूध आणायला बाहेर पडले.

मग ते वेडच लागलं. एका कंपनीचे हिशेब मी घरूनच ऑनलाइन बघायचे. ते काम झालं की मागच्या खोलीत माझा हा उद्योग सुरू व्हायचा. नारळाच्या करवंटीचा गोल कापून, आतून बाहेरून घासून, खोबरेल चोळलं की अशी काळी तुळतुळीत अंगठी होते की कुणाला लाकूड वाटावं. रंगीत पेन्सिली एकमेकींना चिकटवून त्यांची आडवी चकती कापली की फुलासारखी नक्षी निघते. दांडा तुटलेल्या चमच्याची केली. सीताफळाच्या बिया तारेत ओवून केली. आजोबांच्या कोटाच्या एका बटणाचीही केली. बोट काही रिकामं ठेवायचं नाही, एवढंच माझं ठरलं होतं.

आई म्हणायची, "काय काय करून राहिली ग? लोकांकडे सोनं असतं, तुझ्याकडे करवंट्या."

"छान दिसते ना पण?"

"दिसते," ती म्हणायची, "पण कोणी विचारलं तर काय सांगशील?"

कोणी विचारलं तर काय सांगायचं, हा आमच्या घरातला कायमचा प्रश्न होता. आमचं घर घमापुरातल्या गल्लीत. एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागतो. मी आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, उन्हाळ्याची आली असेल. पाऊस सुरू झाला, दिवाळी गेली, तरी मी होतेच. शेजारणींनी विचारणं सोडून दिलं, ते मला त्यांच्या विचारण्यापेक्षा जड गेलं.

बाबा काही विचारत नसत आणि काही सांगतही नसत. बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात टर्नर होते, आता निवृत्त. तासन्‌तास मशीनसमोर उभं राहून त्यांची बोलायची सवयच गेली होती असं आई म्हणते. पण माझ्याशी ते पूर्वी बोलायचे. आता पाहुण्याशी बोलावं तसं बोलायचे. "झोप झाली का? चहा घेतला का?" नातेवाइकांचा फोन आला की चप्पल घालून बाहेर निघून जायचे. मला वाटायचं, ते माझ्यावर रागावले आहेत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात कारखान्याच्या दिवसांतले नट, बोल्ट, वायसर पडलेले असायचे. एकदा त्यात मला एक मोठा स्टेनलेसचा नट सापडला. सहा कोन, जड, मस्त. मी म्हटलं, "बाबा, याची अंगठी होईल?"

त्यांनी नट हातात घेऊन उजेडाकडे धरला. "होईल. पण कठीण धातू आहे. आतले आटे घासायला वेळ लागेल."

एवढं बोलून ते उठले आणि मागच्या अंगणातल्या शिकंज्यात त्यांनी नट आवळून दिला. मला गोल कानस काढून दिली. त्या आठवड्यात रोज दुपारी मी तो नट घासत बसायचे आणि ते वर्तमानपत्र घेऊन जवळच्या खुर्चीत बसायचे. पान उलटायचे नाहीत. मध्येच म्हणायचे, "कानस पुढं ढकलताना जोर द्यायचा, मागं आणताना नाही." इतक्या दिवसांत आम्ही दोघं एका जागी बसलो नव्हतो, म्हणून मी मुद्दाम हळू घासायचे.

चैत्र लागला होता. जबलपूरचं ऊन तेव्हाच तापायला लागतं. मी नटाला पॉलिश पेपरनं आरशासारखी चमक आणली आणि घाईघाईनं बोटात सरकवला. आतले आटे पुरते गेले नव्हते. सांध्यावरून जाताना खरवडलं, तरी मी रेटला. दिसत होता सुंदर. बाबांना दाखवला तर ते चक्क हसले.

तासाभरात बोट सुजलं.

आधी मी कुणाला सांगितलं नाही. न्हाणीघरात जाऊन साबण लावला. मग तेल. मग बर्फ. आईनं दार वाजवलं तेव्हा मी बादलीत हात बुडवून बसले होते. तिनं बोटाला दोरा गुंडाळून पाहिला, तशी अंगठी निघते म्हणतात. पण आटे कातडीत रुतले होते. दोरा तुटला, थोडं रक्त आलं आणि बोट आणखी फुगलं. आई रडायला लागली.

"काहून असले धंदे करते ग? साधी अंगठी नाही का घालता येत माणसाला?"

बाबांनी हात पाहिला, अंगणातल्या हॅकसॉ करवतीकडे पाहिलं आणि मान हलवली. अलीकडे त्यांचा हात थरथरतो. "माझ्याच्यानं नाही होणार," ते म्हणाले. "चल, स्कूटर काढतो."

आधी ओमतीच्या बाजारात एका सोनाराकडे गेलो. अडकलेली अंगठी कापायची बारीक कात्री सोनाराकडे असते, हे बाबांना ठाऊक होतं. लग्नसराईचे दिवस. दुकानात गाद्यांवर दोन-तीन कुटुंबं बसलेली, समोर लाल मखमलीचे ट्रे. मी ओढणीखाली हात धरून उभी राहिले. बाबांनी दुकानदाराच्या कानाशी जाऊन सांगितलं, पण तो मोठ्यानं बोलणाऱ्यातला होता.

"अंगूठी काटनी है? दिखाइए मैडम।" मी हात पुढं केला. त्यानं चष्मा वर सरकवला. "अरे, ये तो नट है! ये कैसे पहन लिया आपने?"

सगळ्या माना वळल्या. एक नवरी मुलगी ओठ दाबून हसली. तिच्या आईनं विचारलं, "किसकी है? शादी की है क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "ऐसे ही। शौक है।"

शौक म्हटल्यावर ती नवरी खुदकन हसलीच. सोनारानं कात्री लावून पाहिली. ती सोनं कापायची होती, स्टीलवर नुसते ओरखडे काढत घसरली. शेवटी त्यानं हात जोडले, "बाबूजी, मेरा ब्लेड टूट जाएगा।" बाहेर येईपर्यंत माझे कान तापले होते.  बाबांनी माझी ओढणी हातावरून नीट सरळ केली, जखम झाकावी तशी.

मग दवाखान्यात गेलो. बोट जांभळं पडायला लागलं होतं. नर्सनं नाव, वय विचारलं आणि बोटाकडे बघत सहज विचारलं, "हसबैंड साथ में नहीं आए?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "बाहर हैं।"

"तो बुला लीजिए अंदर," नर्स म्हणाली आणि स्वतःच दाराशी जाऊन बाकांवरच्या लोकांकडे बघायला लागली.

"नहीं, बाहर मतलब..." बाबा अडखळले. "विदेश में हैं। दुबई।"

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी भिंतीवरच्या लसीकरणाच्या पोस्टरकडे पाहिलं. ज्या सहजपणे ते शब्द आले, त्यावरून मला कळलं की ते पहिल्यांदा बोलले जात नव्हते.

डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे याला हत्यार नाही, एखाद्या वर्कशॉपमध्ये बारीक ग्राइंडरनं कापून घ्या, पण लवकर, रक्त अडलंय. बाबांना लगेच सुचलं. कारखान्यात त्यांच्या शेजारच्या मशीनवर एक मराठी गृहस्थ होते, लवकर निवृत्ती घेऊन त्यांनी रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं होतं. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते. रिछाईचा रस्ता लांब. स्कूटरवर मी मागं बसले होते, हात वर धरून, जणू शपथ घेत होते. बाबांच्या शर्टाची पाठ घामानं ओली झालेली. मला विचारायचं होतं, दुबई कधीपासून? पण स्कूटरवर मागून माणसाला असं काही विचारता येत नाही.

काका आम्हाला बघून खूश झाले. मग हात पाहिला आणि गंभीर झाले. स्टूल आणलं, हाताखाली फडकं ठेवलं, नट आणि बोट यांच्यामध्ये एक पातळ पत्रा कसाबसा सरकवला. पाण्याचा मग भरून बाबांच्या हातात दिला. "तू थेंब थेंब टाकत राहा. गरम होईल."

ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या उडाल्या. मी डोळे मिटले. माझं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणूनच काका बोलत असणार. यंत्राच्या आवाजावर ओरडून ते म्हणाले, "काय मग, जावईबापू अजून दुबईलाच का?"

बाबांच्या मगातलं पाणी एकदम जास्त पडलं. "हो," ते म्हणाले. "तिथंच."

"वर्ष होत आलं न बे! पोरीला काहून नाही नेत?" मग मला, "काय ग, जमत नाही का तुला तिकडं?"

मी डोळे उघडले. बाबा माझ्याकडे बघत होते. मी तसे डोळे त्यांचे कधी पाहिले नव्हते. पोलिसासमोर उभ्या असलेल्या माणसाचे असावेत तसे. आणि माझ्या तोंडून निघालं, "व्हिसाचं चाललंय, काका. होईल दिवाळीपर्यंत."

इतकं सोपं होतं ते. मला अजून त्याची लाज वाटते, खोटं बोलल्याची नाही तितकी, ते किती घोटीव निघालं त्याची.

दुसऱ्या बाजूनंही काप गेला आणि नटाचे दोन तुकडे फडक्यावर पडले. बोटावर आट्यांच्या रेघा उमटल्या होत्या, गोल गोल, लाल. काकांनी पाठीवर थाप मारली. "बहादूर आहे पोरगी. आता असं काही नको घालू. जावयाला सांग, चांगली सोन्याची पाठव म्हणावं तिकडून, दुबईचं सोनं." सगळे हसलो. बाबाही हसले.

परत येताना त्यांनी उसाच्या रसाच्या गाडीशी स्कूटर थांबवली. दोन ग्लास घेतले. मी अर्धा प्याले आणि म्हटलं, "दुबई काहून, बाबा?"

ते ग्लासात बघत राहिले. "पुणे म्हटलं असतं तर कोणी ना कोणी ओळखीचं निघतं. चौकशा होतात. दुबई दूर आहे. तिथलं कोणी विचारत नाही."

"आईला माहीत आहे?"

"तीही तेच सांगते. मी एकदा बोलून गेलो, मग तिनं काय मला खोटं पाडायचं होतं का?" मग ग्लास गाडीवर ठेवून म्हणाले, "तुला सांगणार होतो."

 माझ्यामुळे या माणसाला, ज्यानं कधी कारखान्यातून एक स्क्रू न विचारता आणला नाही, त्याला एक अख्खं शहर खोटं उभं करावं लागलं होतं. तिथं माझा नवरा नोकरी करत होता, त्याला सुट्टी मिळत नव्हती, माझा व्हिसा अडकला होता. मी त्या रसाच्या गाडीशी उभ्या उभ्या इतकी लहान झाले की ग्लास हातात जड वाटला.

हे इथंच संपलं असतं. पण चारच दिवसांनी काकूंचा, म्हणजे काकांच्या बायकोचा, आईला फोन आला. चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. "पोरीला नक्की घेऊन या. ती इथं आहे हे आम्हाला आत्ताच कळलं. तिची ओटी भरायची आहे."

आईनं फोन ठेवला आणि पलंगावर बसली. "ताप आला म्हणून सांगू," ती म्हणाली.

बाबा दारातून म्हणाले, "नाही गेली तर जास्त विचारतील."

मला जायचं नव्हतं. पण बाबांनी ज्या आवाजात ते म्हटलं, त्यात विनंती होती, आणि बाबांनी माझ्याकडे काही मागावं अशी वेळ येऊच नये असं मला वाटत होतं. मी हो म्हटलं. हळदीकुंकवाच्या दिवशी आईनं माझ्या पलंगावर हिरवी साडी काढून ठेवली, आणि साडीच्या घडीवर स्वतःचं छोटं मंगळसूत्र. ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. मी ते गळ्यात घातलं. आरशात पाहिलं. आरशातली बाई सगळ्यांना आवडली असती. मी ते काढून उशीखाली ठेवलं आणि बोटात करवंटीची अंगठी घातली. दुखरं बोट सोडून शेजारच्या.

काकूंच्या घरी हॉल भरून बायका होत्या. गौरीपुढे कलिंगडाची कमळं, करंज्या, रांगोळी. कैरीची डाळ, पन्हं. अर्ध्या बायका ओळखीच्या, लहानपणी मला फ्रॉकमध्ये बघितलेल्या. कुणी गळ्याकडे पाहिलं असेल तर बोललं नाही. शेजारी बसलेल्या एका मावशींना माझी अंगठी दिसली.

"ही कशाची ग? शिसवीची?"

"करवंटीची, मावशी. नारळाच्या."

"हॅट!"

मी काढून दिली. ती हातोहात फिरायला लागली. एकीनं दिव्याजवळ नेऊन पाहिली, एकीच्या सुनेनं बोटात घालून फोटो काढला. "मला एक करून देशील?" "मला पण हं!" काकांकडून नटाचा किस्सा आधीच पसरला होता, त्यावरून हशा झाला, पण तो वाईट नव्हता. मीही हसले. कितीतरी दिवसांनी इतक्या बायकांमध्ये मी खाली न बघता बसले होते. आणि हे सगळं त्या दुबईतल्या माणसाच्या बायकोसाठी चाललंय, हे मला प्रत्येक हसण्यागणिक टोचत होतं.

काकू ताट घेऊन आल्या. हळद लावली, कुंकू लावलं, हातावर अत्तर फिरवलं. मग ओंजळीत गहू घेऊन म्हणाल्या, "पदर पुढं कर. पुढच्या चैत्रात मात्र जोडीनं या हं. नाहीतर मीच फोन करते दुबईला, माझ्या बहिणीचा मुलगा असतो तिथं. नंबर दे मला त्यांचा."

मी पदर धरला होता. गहू पडायला सुरुवात झाली होती. त्या खरंच प्रेमानं बोलत होत्या, म्हणूनच मला पुढं ऐकवेना.

"काकू, ओटी नका भरू," मी म्हटलं. "ते दुबईला नाहीत. आमचा घटस्फोट झालाय."

माझा आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. आजूबाजूची बोलणी तुटली. काकूंची ओंजळ तशीच. मग त्यांनी हळूच, काही सांडू नये अशी काळजी घेत, गहू ताटात परत ओतले. माझ्या पदरात पडलेले थोडे दाणे राहिले, ते घ्यावे की द्यावे हे त्यांनाही कळेना आणि मलाही.

"अग," त्या म्हणाल्या, "मग ह्यांना असं काहून सांगितलं?"

 आई माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती. काकूंनी आतल्या कुणालातरी हाक मारली, "हिला पन्हं द्या ग," आणि पुढच्या बाईकडे सरकल्या. पुढची बाई माझी आईच होती. आईनं पदर पुढं केला आणि तिची ओटी भरली गेली, नारळासकट. मी बाजूला बघत होते. बोलणी हळूहळू पुन्हा सुरू झाली, पण माझ्याभोवतीची नाही. जरा वेळानं कुणीतरी माझी अंगठी माझ्या गुडघ्याजवळ सतरंजीवर ठेवली. हातात नाही दिली. ठेवली.

बाहेर आल्यावर आम्ही ऑटोत बसलो. आई ओटीतला नारळ मांडीवर धरून म्हणाली, "आजच सांगायचं होतं? सगळ्यांसमोर?"

"दुसरं काय करायला पाहिजे होतं?"

"मला काय माहीत," ती म्हणाली. "मला काय माहीत ग." आणि घर येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. तिला माझी लाज वाटत होती आणि तिनं माझा हात धरला होता. दोन्ही खरं होतं.

बाबांना आईनंच सांगितलं. मला ऐकू येईल अशा बेतानं नाही, पण आमच्या घरात सगळंच ऐकू येतं. ते जेवायला बसले, जेवले, ताट उचललं. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटर काढली.

"कुठं चालले?" आईनं विचारलं.

"रिछाईला."

मला वाटलं, ते माझ्यावतीनं माफी मागायला निघालेत. मी दारात जाऊन म्हटलं, "बाबा, नका जाऊ. मी बोलले ते बोलले."

"तुझं नाही," ते स्कूटरला किक मारत म्हणाले. "मी जे बोललो त्याचं."

दुपारी परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी पाणी दिलं. ते खुर्चीत बसून पाणी प्याले. मग म्हणाले, "मी सांगितलं त्याला, खोटं माझं होतं. पोरगी माझी इज्जत ठेवायला बोलली."

"मग?"

"मग काय. त्याला राग आला. म्हणाला, तीस वर्षं बाजूला उभे राहिलो, एका डब्यात जेवलो, आणि तुला मला सांगावंसं नाही वाटलं? तुझ्या पोरीचं वाईट वाटतं म्हणाला, पण तुझा राग येतो. बस म्हणाला नाही. मी उभ्यानंच आलो."

ते उभ्यानं आले, हे मला ओटी परत घेतल्यापेक्षा जास्त लागलं. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "त्याचं बरोबर आहे."

काकांचं आणि बाबांचं पुढं तुटलं नाही, पण पहिल्यासारखंही झालं नाही. कुठं भेटले तर बोलतात. काकूंनी पुढच्या चैत्रात आईला बोलावलं, मला नाही. त्या दिवशी फोटो काढणारी सून मात्र एकदा स्कूटीवरून घरी आली, पिशवीत करवंट्या घेऊन, आणि मागच्या अंगणात माझ्याबरोबर घासत बसली. नणंदेसाठी हवी होती म्हणे. हळदीकुंकवाचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. जाताना म्हणाली, "दीदी, मला मराठी नीट बोलता नाही येत, पण त्या दिवशी तुम्ही जे बोललात ना..." आणि पुढचा शब्द तिला सापडला नाही. मी म्हटलं, राहू दे.

अंगठ्या मी अजून करते. आता सगळ्या आतून गुळगुळीत असतात, आणि घालून पाहायच्या आधी मी दहादा फिरवून बघते.

बदलले ते बाबा. इतकी वर्षं न बोललेला माणूस आता सांगत सुटतो. गॅसच्या टाकीवाल्याला, वीज मीटर बघायला आलेल्या मुलाला, देवळातल्या पुजाऱ्याला. कुणी काही विचारायच्या आत ते माझ्याकडे हात करून म्हणतात, "ये मेरी बेटी है। तलाक हो गया है। यहीं रहती है हमारे साथ।" जणू कुणी उद्या त्यांच्यावर लपवल्याचा आरोप करणार आहे. मला वाटतं जमीन फाटावी. एकदा मी म्हटलंही, "बाबा, सगळ्यांना काहून सांगून राहिले? कोणी विचारलं का?"

"नाही विचारलं," ते म्हणाले. "म्हणूनच तर."

 परवा दारात भाजीची गाडी आली. मी भेंडी निवडत होते. बाबा मागून आले, चष्मा पुसला, आणि भाजीवाल्याला सगळं सांगितलं, अगदी सविस्तर, पुण्यापासून. मी भेंडीत मान खुपसली. भाजीवाला शांतपणे ऐकत होता. बाबा थांबल्यावर त्यानं तराजू उचलला आणि मला विचारलं, "अच्छा दीदी, आधा किलो कर दूँ?"

"कर दो," मी म्हटलं.